प्रोस्टेट, लघवीची तक्रार आणि कॅन्सर : सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. देवगड तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली, हिवतापासाठी रक्ताचे नमुने घेत घरोघरी फिरलो, आणि रिटायर झालो तरी लोक वाटेत थांबवून विचारतातच. बायकांच्या तक्रारी आशाताईंकडे जातात, पुरुष मात्र एसटी स्टँडवर, मासळी बाजारात, बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकत्र लिहून ठेवले. उत्तर वाचून तपासणीला जायचं, तपासणीऐवजी उत्तर वाचायचं नाही.

१. प्रोस्टेट म्हणजे नेमकं काय? किडनीचाच भाग आहे का?

नाही. लघवीच्या पिशवीच्या खाली, तोंडाशीच बसलेली एक ग्रंथी आहे, फक्त पुरुषांना असते. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी, वजन २० ग्रॅमच्या आसपास. वीर्यातलं काही पाणी ती बनवते. लघवीची नळी हिच्या मधूनच जाते, सगळा घोळ तिथेच आहे, कारण वय वाढलं की ग्रंथी वाढते आणि मधली नळी आवळली जाते. बागेत पाणी सोडलेल्या पाइपवर पाय ठेवल्यावर धार कशी होते तसंच.

२. रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. वयाने होतंच ना हे?

आमचे बाबा हेच म्हणायचे, "वय झाला, असा होतलाच." पावसाळ्यात रात्री दोनला बॅटरी घेऊन पडवीतून उतरायचे, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून परड्यात जायचे, परत आल्यावर पाय पुसायचा आवाज यायचा आणि तासाभराने पुन्हा तेच. घरात सगळ्यांना तो आवाज ओळखीचा झाला होता, पण कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि माझी नोकरी आरोग्य खात्यात.

रात्री एकदा उठणं चालतं. दोन किंवा जास्त वेळा रोज होत असेल तर कारण शोधायचं. ते प्रोस्टेटच असेल असं नाही. शुगर वाढलेली असते, बीपीची लघवी होणारी गोळी संध्याकाळी घेतलेली असते, दिवसभर पाय सुजलेले असतात आणि आडवं झाल्यावर ते पाणी उतरतं, किंवा झोपायच्या आधी दोन कप चहा झालेला असतो. म्हणून डॉक्टरकडे जायच्या आधी एक काम करा, तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता लघवी झाली आणि किती झाली (जुन्या प्लास्टिकच्या मगवर २००, ३०० मिलीच्या खुणा करून घ्या). प्रत्येक वेळी थोडी थोडी होत असेल तर विचार वेगळा, रात्री मगभर होत असेल तर वेगळा. ही वही बघून डॉक्टरचं अर्धं काम होतं.

बाकीच्या खुणा म्हणजे सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, मध्येच तुटणं, शेवटी ठिबकणं आणि होऊन आल्यावरही काहीतरी राहिलंय असं वाटणं.

३. गाठ वाढली म्हणतात. ती पुढे कॅन्सर होते का?

नाही. वयाने वाढणारं प्रोस्टेट साधं असतं, त्याचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. पन्नाशी-साठीत साधारण निम्म्या पुरुषांचं वाढलेलं असतं, ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांचं. साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या भागात, नळीभोवती होते म्हणून लगेच त्रास देते. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला सुरू होतो, नळीपासून लांब, म्हणून सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, त्यामुळे "माझी साधी वाढ आहे" म्हणून कॅन्सरची तपासणी कायमची टळली असं समजू नका.

४. मग कॅन्सर झालाय हे कळणार कसं?

सुरुवातीच्या टप्प्यात लक्षणावरून कळत नाही, हेच लोकांना पटत नाही. लक्षणं दिसतात ती उशिरा: लघवीत किंवा वीर्यात रक्त, वजन उतरणं, आणि सगळ्यात फसवं म्हणजे हाडांचं दुखणं. हा कॅन्सर पसरला की हाडांत जातो, पाठीचा मणका, खुबा, बरगड्या.

आमच्या बाबांची कंबर आठ महिने दुखत होती. आई रोज रात्री उंडीचं तेल गरम करून चोळायची. माड शिंपायचं सोडा म्हटलं, गादी बदलली, पट्टा आणला. दुखणं रात्री जास्त आणि पडून राहिलं तरी कमी होत नव्हतं, ही खूण आम्ही बघितलीच नाही. तपासलं तेव्हा पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची टेस्ट, प्रश्न ६ बघा) शेकड्यांत होता आणि मणक्यात पसरलेलं होतं. तरी औषधावर चार वर्षं चांगली काढली त्यांनी (त्या औषधाचं प्रश्न १३ मध्ये).

वयस्क माणसाची कंबर पडून राहूनही दुखतेय, त्यात पायातली ताकद गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर उद्याची एसटी बघू नका. मणक्यातली मज्जारज्जू दाबली जात असते आणि उशीर झाला तर माणूस परत उभा राहत नाही. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

५. लघवी पूर्णच अडकली तर घरी काय करायचं?

घरी काही करायचं नाही, १०८ ला फोन करून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं. नळी घालून पिशवी मोकळी करतात, पाच मिनिटांत माणसाला जीव आल्यासारखं वाटतं. पाणी आणखी पाजू नका, पोट दाबू नका.

हे गणपतीत फार होतं. चाकरमानी मुंबईहून बारा-चौदा तास गाडीत लघवी दाबून येतो, वाटेत भिजल्यामुळे सर्दी होते, मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतो आणि रात्री भजनाला बसल्यावर थोडी दारूही होते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये जे असतं त्याने नाक मोकळं होतं पण लघवीच्या पिशवीचं तोंड आवळतं किंवा पिशवीचा जोर कमी होतो. आधीच प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची त्या एका गोळीने पहाटेपर्यंत लघवी बंद होते. बद्धकोष्ठानेही होतं. म्हणून लघवीचा त्रास असेल तर मेडिकलवाल्याला आधी सांगा आणि मग गोळी मागा.

६. पीएसए किती आला तर घाबरायचं?

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, ते रक्तात किती उतरलंय ते मोजतात. ढोबळ रेषा ४ ची धरतात. पण ही कॅन्सरची टेस्ट नाही, प्रोस्टेटची टेस्ट आहे. ४ ते १० च्या मध्ये आला तर साधारण चौघांपैकी एकाला कॅन्सर निघतो, म्हणजे तिघांना निघत नाही. १० च्या वर गेला तर शक्यता निम्म्याहून जास्त. आणि ४ च्या खाली असूनही कॅन्सर असू शकतो, कमी वेळा, पण असू शकतो.

आकडा उगाच वाढवणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. नळी घातलेली असताना केलेल्या टेस्टवर निर्णय घेऊ नका. टेस्टच्या आधी दोन दिवस संबंध नको, लांबची सायकल नको. उलट केस गळायच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी आकडा खोटा कमी दिसतो, ते प्रश्न १० मध्ये आहे. एकदा जास्त आला तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. एका रिपोर्टवर रात्रभर जागलेली माणसं मी बघितली आहेत, दुसऱ्या वेळी आकडा निम्मा आला.

७. टेस्ट कोणी करायची? शिबिरात फुकट होती म्हणून आजोबांची केली.

पन्नाशीनंतर डॉक्टरशी बोलून ठरवायचं. वडील किंवा भावाला झाला असेल तर ४५ पासून. तक्रार असेल तर वय बघायचंच नाही, डॉक्टर सांगतील ती तपासणी करायची.

तक्रार नसलेल्या ऐंशीच्या आजोबांची मात्र शिबिरात उगाच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये हेच सांगितलं, ५५ ते ६९ मध्ये फायदा-तोटा समजून माणसाने स्वतः ठरवावं, ७० नंतर सरसकट करू नये. कारण हा कॅन्सर बहुतेकदा मुंगीच्या पावलाने चालतो, म्हातारपणी कित्येकांच्या अंगात असतो आणि ते दुसऱ्याच कारणाने जातात. आकडा सापडला की बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं), ऑपरेशन, मग लघवी गळते म्हणून लंगोट अशी साखळी सुरू होते आणि जो माणूस सकाळी उठून बाजारात चालत जात होता तो घरात बसतो. पन्नाशी-साठीतल्याचं तसं नाही, त्याच्यापुढे वीस-पंचवीस वर्षं आहेत.

८. बोटाने तपासतात म्हणे. ते टाळता येतं का?

नको असेल तर सांगता येतं, तुमचा हक्क आहे तो. पण अर्ध्या मिनिटाचं काम आहे, दुखत नाही, विचित्र वाटतं फक्त. गुदद्वारातून बोटाला ग्रंथीची मागची बाजू लागते, ती मऊ आहे की दगडासारखी कडक ते कळतं. पीएसए नॉर्मल असूनही कडक गाठ बोटाला लागते असं होतं. बायका बाळंतपणात किती तपासण्या सोसतात ते आठवा.

९. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५५ ग्रॅम, ग्रेड २ आलंय. ऑपरेशन लागणार का?

ग्रॅमवर ऑपरेशन ठरत नाही. ३० ग्रॅमवाल्याची लघवी अडकते आणि ९० ग्रॅमवाला रात्रभर झोपतो. आणि सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे कॅन्सरची ग्रेड नव्हे, ती फक्त आकाराची, यात फार लोक गोंधळतात. रिपोर्टमध्ये बघायचं ते हे की लघवी करून आल्यावर पिशवीत किती शिल्लक राहिली आणि किडनीवर सूज आहे का. वारंवार अडकणं, पिशवीत खडे, सारखं इन्फेक्शन किंवा किडनीवर ताण, यातलं काही असेल तर दुर्बिणीतून किंवा लेझरने ऑपरेशन. नुसता त्रास असेल तर आधी गोळ्या.

१०. प्रोस्टेटच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या? त्यांचं काय सांभाळायचं?

दोन प्रकार आहेत. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने लघवीच्या पिशवीचं तोंड सैल होतं, काही दिवसांतच फरक पडतो, पण उठताना चक्कर येते. म्हणून रात्री घ्यायची आणि अंथरुणातून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे नक्की सांगा, ऑपरेशनमध्ये बाहुली नीट वागत नाही. शिबिरात हे कोणी विचारेलच असं नाही.

दुसरा प्रकार फिनास्टराइड, ड्युटास्टराइड. यांनी ग्रंथी हळूहळू आक्रसते, सहा महिने लागतात, आणि पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणजे रिपोर्टमध्ये ३ दिसला तर तो ६ समजायचा. नवीन डॉक्टरला ही गोळी सांगितली नाही तर तो रिपोर्ट बघून "सगळं ठीक" म्हणेल.

११. बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो, खरं का?

खरं नाही. या भीतीने लोक महिनोन्महिने बसून राहतात आणि मग पसरलेला सापडला की सुईला दोष देतात. आता शक्य असेल तिथे आधी एमआरआय करतात, त्यात संशयाची जागा दिसली तर तिथून नेमका तुकडा घेतात. त्याशिवाय साधारण १२ ठिकाणचे बारीक तुकडे घेतले जातात. नंतर काही दिवस लघवीत, आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच परत जायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं.

रिपोर्टमध्ये ग्लीसन स्कोर असतो, म्हणजे कॅन्सर किती तापट आहे त्याचा आकडा. ६ म्हणजे सगळ्यात शांत, ७ मधला, ८ ते १० तापट.

१२. कॅन्सर निघाला आणि डॉक्टर म्हणतात काही करू नका, नुसतं लक्ष ठेवू. असं कसं?

शांत प्रकारचा असेल तर हाच बरोबर सल्ला आहे. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना तीन गटांत वाटलं, काहींचं ऑपरेशन, काहींना किरणं, काहींवर फक्त लक्ष. सगळ्यांचा कॅन्सर ग्रंथीच्या आतच होता. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा निकाल आला, तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने गेलेले ३ टक्क्यांहून कमी. पण लक्ष ठेवणं म्हणजे विसरणं नव्हे. ठरलेल्या वेळी पीएसए, एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी, आणि तो तापट झाला की उपचार. तारखा पाळणार नसाल तर हा मार्ग घेऊ नका.

१३. ऑपरेशन चांगलं की शेक (किरणांचा उपचार)? नंतर लघवी सांभाळते का, संबंध राहतात का?

ग्रंथीच्या आतच असलेल्या कॅन्सरला दोन्हीचा निकाल चांगला आहे. ऑपरेशननंतर लघवी गळते, बहुतेकांची काही महिन्यांत आटोक्यात येते, लघवी रोखून धरायच्या स्नायूंचा व्यायाम आधीपासून शिकून घेतला तर फायदा होतो. शेक दिला तर लघवीची जळजळ आणि संडासची तक्रार जास्त. ताठरता दोन्हीत कमी होते, ऑपरेशनमध्ये लगेच, शेकानंतर हळूहळू. हे डॉक्टरला विचारायला लाजू नका, आणि शक्यतो नवरा-बायको दोघांनी मिळून विचारा, आमच्याकडे बायकोला बाहेर बसवून ठेवतात ते चूक आहे.

पसरलेल्याला हार्मोनचा उपचार. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगतो, ते तोडलं की मंदावतो. चार्ल्स हगिन्स यांना याच शोधासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. इंजेक्शनने करतात किंवा अंडकोषांची छोटी शस्त्रक्रिया करून. अंगातून गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, मन उदास होतं. आमचे बाबा भर जानेवारीत पंख्याखाली बसायचे. त्यांचं दुखणं मात्र महिन्याभरात उतरलं आणि ते पुन्हा कलमांत जाऊन बसायला लागले.

१४. कोकम, भोपळ्याच्या बिया, गोखरू, टोमॅटो, यातलं काय घ्यायचं?

सोलकढी प्या, मासे खा, भाजी खा, वजन आटोक्यात ठेवा, विडी सोडा. यातल्या कशानेही कॅन्सर बरा होत नाही. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा तर मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये निकाल आला की घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर उलट वाढला. लेबल नसलेल्या बाटलीतला काढा कोणी देत असेल तर घेऊ नका. वैद्यांचं औषध चालू असेल तर तेही लपवू नका, डॉक्टरला सांगा.

१५. नसबंदीमुळे किंवा तरुणपणीच्या सवयींमुळे होतो का?

नाही. हा प्रश्न विचारताना लोक खाली बघतात, म्हणून सरळ सांगतो, तुमच्या हातून काही पाप घडलेलं नाही.

१६. वडिलांचं प्रोस्टेट काढून टाकलंय, आता कॅन्सरची भीती नाही ना?

कुठलं ऑपरेशन झालं ते कागदावर बघा. अडलेल्या लघवीसाठी दुर्बिणीतून केलं असेल तर फक्त आतला भाग कोरून काढलेला असतो, बाहेरचं कवच तसंच असतं, आणि कॅन्सर तिथूनच होतो (प्रश्न ३). त्यांना पुढेही पीएसए लागू आहे. कॅन्सरसाठी पूर्ण काढलं असेल तर पीएसए जवळपास शून्य हवा, थोडासा वाढला तरी दाखवायचं.

१७. माझ्या भावाला निघाला. मला, माझ्या मुलाला धोका आहे का?

वडील किंवा भाऊ असेल तर धोका साधारण दुप्पट. घरात आई-बहिणींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, बीआरसीए नावाचा जनुकातला दोष बाप-लेकांतही उतरतो. तपासणी कधीपासून ते प्रश्न ७ मध्ये.

१८. आम्ही खेड्यात राहतो. कुठे जायचं, खर्च कसा भागवायचा?

सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून करा, तिथून ओरोस (सिंधुदुर्ग) किंवा रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल जवळ पडतं, सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात, आणि कॅन्सर ठरला तर परळचं टाटा मेमोरियल आहेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतो, हॉस्पिटल योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारायचं, नंतर नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून.

रेशन कार्ड, आधार, जुने सगळे पीएसए रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, आणि बायोप्सीच्या काचा व ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मागून घ्या, नाहीतर मुंबईत सगळं परत. रेल्वेत डब्याच्या टोकाची, संडासजवळची सीट घ्या.

१९. बाबा ऐकतच नाहीत. "माका काय धाड भरली हा?" म्हणतात. काय करू?

कॅन्सर हा शब्द काढू नका. सगळ्यांसमोर, जेवताना विचारू नका. सुनेने तर विचारूच नये, ते मान वर करणार नाहीत. मुलाने, जावयाने किंवा त्यांच्या बरोबरीच्या मित्राने एकटं गाठून साधं विचारायचं, "रात्री किती वेळा उठताय हल्ली?" आकडा सांगतात. आजार झालाय हे मान्य करणार नाहीत पण आकडा सांगतात. तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेखाली पेन्सिलीने लिहा, आठवडाभर. मग बीपीची गोळी आणायला जाताना ते पान फाडून खिशात घ्या आणि डॉक्टरसमोर ठेवा, त्यांना तोंडाने काही बोलावं लागत नाही. माझ्या शेजारच्या काकांना असंच नेलं गेल्या मिरगाच्या आधी. पानावर ४, ५, ४, ५, ५ असं लिहिलेलं होतं, डॉक्टरने बघितलं आणि काका स्वतःच म्हणाले, "कालचा लिवूक नाय, काल सहा वेळा."